आधी गावाचं ऐका

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांतली तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी कंपनीतर्फे स्वयंसेवक म्हणून मावळ-मुळशीत जातात, शाळा रंगवतात, झाडं लावतात, संध्याकाळी परततात. मनात तळमळ असते, पण एका दिवसात गाव कळत नाही. त्यासाठी वर्षं द्यावी लागतात, जशी समाजशास्त्रज्ञ गी पॉइटवाँ यांनी दिली. ते १९७२ साली फ्रान्समधून पुण्यात आले, मराठी शिकले, हेमा राईरकरांच्या साथीने मुळशीतल्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेचं काम करू लागले, आणि मग इथलेच झाले. पहाटे जात्यावर बसलेली बाई एका हाताने खुंटा फिरवत, दुसऱ्याने मूठमूठ वैरण घालत काय गाते, हे या दोघांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्या बायांनी कान देऊन ऐकलं, उतरवून घेतलं. लाखावर ओव्या जमल्या! त्यांत सासुरवास आहे, भाऊराया आहे, सीता आहे, बाबासाहेबही आहेत. घरोघरची जाती गिरण्यांनी कधीच थांबवली. वेळेवर कुणी ऐकलं नसतं तर हे सारं त्या बायांबरोबरच गेलं असतं. म्हणून कंपन्यांना कळकळीची विनंती: स्वयंसेवकांना दरवेळी नव्या गावात नेऊ नका. वर्षभर एकाच गावात पाठवा, आणि रंगाचा डबा उघडण्याआधी त्यांना तिथल्या आज्यांपाशी निवांत बसू द्या.