आकडा उतरला, धोका तिथेच

किडनी प्रत्यारोपणानंतर ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त असते, त्यांना हृदयविकारही जास्त होतो, असे आधीच्या निरीक्षणांत दिसले होते. मग फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ मोठ्या मात्रेत देऊन होमोसिस्टीन उतरवले, तर धोकाही उतरायला हवा. अमेरिका, कॅनडा आणि ब्राझीलमधल्या ४,११० रुग्णांवर 'फेव्होरिट' चाचणीत हा तर्क तपासला गेला. २०११मध्ये निकाल आला. होमोसिस्टीन उतरले; हृदयविकार, मृत्यू किंवा पुन्हा डायलिसिसवर जाणे यांपैकी काहीही कमी झाले नाही. किडनी मंदावली की होमोसिस्टीन वाढते. धोक्याच्या सोबत असणारी प्रत्येक गोष्ट धोक्याचे कारण नसते. याउलट 'अलर्ट' चाचणीत २,१०२ रुग्णांपैकी निम्म्यांना फ्लुव्हास्टॅटिन दिले, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल घटलेच. शिवाय, चाचणीचे मुख्य उद्दिष्ट निर्विवादपणे साधले नसले, तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हृदयाचे झटके मिळून सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

म्हणून प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचा पैसा आधी अशा तपासण्यांवर जावा, ज्यांचा निकाल पाहून डॉक्टर उपचार बदलू शकतील. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी ही त्यांपैकी सर्वांत मोलाची. औषध कमी पडले तर शरीर नवी किडनी नाकारते, जास्त झाले तर तेच औषध किडनीला इजा करते. ही पातळी दर वेळी वरखाली होत असेल, तर किडनी लवकर निकामी होण्याची शक्यता वाढते, आणि त्यामागे पुष्कळदा चुकलेल्या गोळ्या असतात. किडनीचे काम जोखणारी नेहमीची रक्ततपासणी म्हणजे क्रिएटिनिन. ते उशिरा वाढते, हा आक्षेप खरा आहे. सडपातळ माणसात स्नायू कमी असल्याने किडनी बरीच बिघडूनही अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच रुग्णाचे जुने आकडे शेजारी ठेवून पाहणे आणि लघवीतली प्रथिने तपासणे. दोन्ही स्वस्त आहेत.

नव्या तपासण्या आधी इशारा देतात, मग त्या का टाळायच्या, असे कोणी विचारील. दात्याच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे खरोखरच क्रिएटिनिन हलण्याआधी दिसू शकतात, आणि शंका असेल तिथे ती तपासलीच पाहिजेत. पण त्यांनी किडनीला जुनाट इजा केल्यावर ती हमखास थांबवणारे औषध आज नाही. ती तयारच होऊ नयेत यासाठी गोळ्या नियमित घेणे, हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि ज्याला दर महिन्याच्या गोळ्याच परवडत नाहीत त्याला इशारा देऊन काय साधणार? अमेरिकेतही अनेक रुग्णांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा ही औषधे प्रत्यारोपणानंतर ३६ महिनेच देत असे. २०२०च्या कायद्याने ती मर्यादा हटवली आणि १ जानेवारी २०२३पासून या औषधांसाठी स्वतंत्र संरक्षण सुरू झाले.

आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाईक देतात, त्यांतही आई आणि पत्नी पुढे असतात. त्यांनी दिलेला अवयव गोळ्यांअभावी वाया जाऊ नये. शस्त्रक्रियेला मदत देणाऱ्या प्रत्येक सरकारी योजनेने आणि न्यासाने आयुष्यभराची औषधे, टॅक्रोलिमसची पातळी आणि क्रिएटिनिन यांचा खर्चही त्याच मदतीत धरावा.