विमानतळापर्यंतचा महामार्ग आणि बांधापर्यंतची वाट

चंदीगडचा विमानतळ नेमका कोणाचा, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. धावपट्टी भारतीय वायुदलाच्या तळाची आहे. ११ सप्टेंबर २०१५ रोजी उद्घाटन झालेली प्रवासी इमारत पंजाबातील मोहाली जिल्ह्यात, झिऊरहेडी गावाच्या शिवारात उभी आहे. विमानतळ चालविणाऱ्या कंपनीत भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा ५१ टक्के, तर उरलेला पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांत समसमान वाटलेला. नावात शहर मात्र केंद्रशासित चंदीगड, आणि २०२२ पासून त्याला शहीद भगतसिंग यांचे नाव जोडलेले. मालकीची ही गुंतागुंत विमानात बसलेल्या प्रवाशाला जाणवत नाही. विमानतळाकडे येणाऱ्या रस्त्यावर मात्र ती पदोपदी जाणवते.

जुनी प्रवासी इमारत चंदीगडच्या बाजूला होती. नवी इमारत धावपट्टीच्या पलीकडे, मोहालीच्या अंगाला गेल्यामुळे शहरातून येणाऱ्यास धावपट्टीला वळसा घालूनच यावे लागते. इमारतीजवळून जाणारा रुंद रस्ता ग्रेटर मोहाली क्षेत्र विकास प्राधिकरणाने बांधला. तो पतियाळा मार्गावरील छत गावापासून खरडच्या दिशेने जातो. कागदोपत्री हा नगरविकासाचा रस्ता आहे. प्रत्यक्षात त्यावरून आंतरराज्य वाहतूक धावते. त्याच्या भोवती राष्ट्रीय महामार्गांचे जाळे आधीच पसरलेले आहे. पतियाळ्याकडे ७ क्रमांकाचा, परवाणू व शिमल्याकडे ५ क्रमांकाचा, आणि खरड–बनूड बाजूने २०५ ए हा महामार्ग जातो. त्यात ९ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने झिरकपूरच्या १९.२ किलोमीटर लांबीच्या सहापदरी बाह्यवळण मार्गास १,८७८ कोटी रुपयांची मंजुरी दिली. हा मार्ग ७ क्रमांकाच्या महामार्गापासून निघून ५ क्रमांकाच्या महामार्गास मिळणार असून पतियाळा, दिल्ली व मोहाली एरोसिटीकडील वाहतूक गावाबाहेरून हिमाचलकडे वळवावी, असा त्याचा उद्देश सांगितला गेला आहे. जवळपास सर्व बाजूंनी राष्ट्रीय महामार्ग आणि मधोमध राष्ट्रीय दर्जा नसलेला विमानतळाचा रस्ता, अशी ही रचना आहे. तो दर्जा विमानतळाच्या दारापर्यंत वाढवावा का, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. आणि तो केवळ वाहतूक अभियंत्यांचा प्रश्न नाही.

महामार्गाचा क्रमांक म्हणजे मैलाच्या दगडावरचा रंग नव्हे. २०१० च्या पुनर्रचनेत तीन अंकी क्रमांकांना अर्थ आला : २०५ ही ५ ची शाखा, तर जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा ३४८ ही ४८ ची शाखा. अमेरिकेतही हीच पद्धत आहे. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळापर्यंत जाणारा आंतरराज्य मार्ग १९० हा अवघ्या पाच किलोमीटरचा फाटा, पण त्याला मूळ ९० क्रमांकाच्या मार्गाचे कुळ लाभले आहे. आपल्याकडे १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम २ अन्वये केंद्र शासन एखादा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित करते, तेव्हा त्याची मालकी, देखभाल, पथकर, लगतच्या जमिनीचे संपादन आणि त्या रस्त्यावर कोणी कोठून यावे याचा अधिकार, हे सारे एकाच वेळी हलते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या अधिसूचनेतील शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या.

विमानतळाच्या रस्त्याचा शेतीला उपयोग किती, हे आधी स्वच्छ पाहिले पाहिजे. पंजाबचा गहू आणि तांदूळ विमानाने जात नाही, जाणारही नाही. हिमाचलचे सफरचंद जुलै ते ऑक्टोबर या काळात परवाणूच्या घाटातून ट्रकनेच उतरते आणि दिल्लीच्या आझादपूर बाजाराकडे जाते. त्याला विमानाचे भाडे परवडत नाही. विमानाची गरज वेगळ्याच मालाला असते. सोलन परिसरातील कार्नेशन, तेथील अळिंबी, पहाडातील बिगरहंगामी भाजी, मैदानातील बेबी कॉर्न व स्ट्रॉबेरी हा वजनाने थोडा, मोलाने जास्त आणि आयुष्याने अल्प असा माल आहे. अळिंबी तोडल्यानंतरही वेगाने श्वसन करते. उष्ण ट्रकमध्ये वाहतूक कोंडीत गेलेले दोन तास तिच्या पांढऱ्या रंगावर दिसतात. कार्नेशनच्या कळीचेही तसेच. शंभर किलोमीटरच्या मोकळ्या घाटापेक्षा विमानतळाजवळचे शेवटचे दहा किलोमीटर अशा मालाचे अधिक नुकसान करतात. दर्जा वाढविण्याच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद नाही.

तरीही रस्ता झाला म्हणजे माल उडाला, असे होत नाही. कृषी उडान योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधारित स्वरूपात जाहीर झाली. तिच्या यादीत चंदीगड आहे, तसेच नाशिक आणि पुणेही आहेत. परंतु या योजनेतील शुल्कमाफी मुख्यतः मालवाहू विमानांच्या उतरणे-थांबण्याच्या आकारांत आहे. चंदीगडहून जाणारा माल प्रामुख्याने प्रवासी विमानांच्या पोटातील जागेवर अवलंबून असेल, तर ती जागा काही टनांचीच असते आणि प्रवाशांचे सामान आधी चढते. शीतगृह, पूर्वशीतकरण, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र देणारा अधिकारी वेळेवर हजर असणे, ही साखळी रस्त्याइतकीच लागते. सहापदरी रस्त्याच्या टोकाशी उन्हात उभी असलेली फुलांची खोकी कोणत्याही क्रमांकाने वाचत नाहीत.

आता जमिनीकडे वळू. चंदीगड वसविताना भोवतीची शेती शहराने गिळू नये म्हणून १९५२ मध्ये परिघ नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. आधी पाच आणि पुढे दहा मैलांचा पट्टा त्याखाली आला. या शहराला वृक्षांचा आराखडा देणारे मोहिंदरसिंग रंधावा हे नंतर पंजाब कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ही गोष्ट कृषी क्षेत्रातील माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आरंभीच्या चंदीगडने शेतीला शहराचा शेजारी मानले होते. विमानतळ, झिरकपूर, एरोसिटी हे सारे त्याच जुन्या हरित पट्ट्यात उगवले. कायदा पुस्तकात राहिला आणि रस्त्यामागून वस्ती आली. २०२५ मध्ये पंजाब शासनाचे भूसंकलन धोरण शेतकऱ्यांच्या रोषानंतर ऑगस्टमध्ये मागे घ्यावे लागले, ते या पार्श्वभूमीवर. तेथील शेतकरी आता रस्त्याच्या रेषेमागची वस्तीची रेषाही वाचतो.

महामार्गासाठी जमीन घेण्याची पद्धत विस्तार कार्यकर्त्यास तोंडपाठ असावी, कारण शेतकऱ्यास सल्ला हवा असतो तेव्हा हातात फार थोडे दिवस असतात. कलम ३ए ची अधिसूचना निघाली की तिच्या प्रसिद्धीपासून २१ दिवसांत कलम ३सी खाली हरकत नोंदवता येते. कलम ३डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते. ३ए नंतर वर्षभरात ती घोषणा झाली नाही तर आधीची अधिसूचना निरर्थक ठरते. भरपाई ३जी खाली सक्षम प्राधिकारी ठरवतो, ती अमान्य असल्यास लवादाकडे जाता येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याचे सूत्र १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाले. त्यापूर्वीच्या संपादनात दिलासा रक्कम नाकारली जाई. पंजाबातील महामार्गाच्या प्रकरणांतच सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तो भेदभाव घटनाबाह्य ठरवला.

या सूत्रातील एक खोच विमानतळालगतच्या शेतकऱ्याला विशेष बाधते. ग्रामीण जमिनीच्या बाजारमूल्यास एक ते दोन यांमधील गुणांकाने गुणायचे असते, आणि कायद्याची कल्पना अशी की शहरापासून अंतर जितके अधिक तितका गुणांक मोठा. विमानतळ शहराजवळ असतात. साहजिकच तेथील गुणांक खालच्या टोकाकडे सरकण्याचा धोका राहतो. बाजारमूल्य जर परिसरातील खरेदीखतांवरून ठरत असेल, तर मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी वर्षानुवर्षे कमी दाखविलेली किंमत त्या दिवशी संपूर्ण गावाच्या मुळावर येते. खंडाने किंवा ठेक्याने जमीन कसणाऱ्याचे नाव तर बहुधा कोणत्याच कागदावर नसते, आणि पंजाबात ठेक्याने कसणारे थोडे नाहीत. महामार्गाने जमिनीचे भाव वाढतात हे खरे. पण ते विकणाऱ्याला मिळतात, पिकवणाऱ्याला नव्हे.

जमीन गेली तिचा हिशेब निदान होतो. उरलेल्या जमिनीचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. महामार्गाने शेत दुभंगले की विहीर एका बाजूला आणि ऊस किंवा भात दुसऱ्या बाजूला राहतो. अशा विभाजनाच्या नुकसानीचा विचार भरपाई ठरवताना व्हावा, असे कलम ३जी मध्येच म्हटले आहे. मात्र संयुक्त मोजणीच्या वेळी जलवाहिनी, ठिबकची मुख्य नळी, पाटाचा वाटा यांची नोंद झाली नसेल तर पुढे सिद्ध काय करणार? उंच भरावाचा रस्ता पावसाच्या पाण्याची वाटही अडवतो. जुलै २०२३ च्या पुरात घग्गरच्या खोऱ्यातील मोहाली आणि पतियाळा जिल्ह्यांनी पाणी अडण्याचे परिणाम पाहिले आहेत. मोरीचा व्यास आणि तिची जागा जुन्या ओढ्यांवरून ठरावी लागते. त्या ओढ्यांची माहिती उपग्रहाच्या चित्रापेक्षा गावातील वृद्धाला अधिक असते.

मग प्रवेशाचा प्रश्न. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्यानुसार महामार्गावर थेट उतरण्यासाठी महामार्ग प्रशासनाची अनुमती लागते. प्रवेश-नियंत्रित मार्गावर ट्रॅक्टरला सहसा स्थानच नसते. पथकरातून ट्रॅक्टर मुक्त आहे, हे समाधान त्यामुळे फार उपयोगाचे ठरत नाही. सेवा रस्ता सलग नसेल, भुयारी मार्गाची उंची कापणी यंत्र किंवा पेंढ्याने भरलेली ट्रॉली जाईल इतकी नसेल, तर शेजारच्या शेतात जाण्यास चार-पाच किलोमीटरचा फेरा पडतो. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ग्रामीण भागात ४० मीटरपर्यंत इमारत रेषा आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा मोजली जाते. रस्त्याकाठी प्रतवारीगृह बांधू पाहणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीने पाया खणण्यापूर्वीच हे अंतर मोजलेले बरे.

हे सारे चंदीगडपुरते मर्यादित नाही. महाराष्ट्रात विमानतळ आणि महामार्ग यांची जोडणी दोन अगदी भिन्न रूपांत दिसते. नाशिकचा ओझर विमानतळ मुंबई–आग्रा महामार्गालगतच आहे. तेथे क्रमांक वाढविण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही नाशिकचे निर्यातक्षम द्राक्ष प्रामुख्याने शीत कंटेनरमधून नेहरू बंदरातून जहाजाने जाते, कारण द्राक्षाचे अर्थशास्त्र समुद्राचे आहे. रस्ता दारात असूनही पीक त्या दारातून जात नाही, याचे हे उत्तम उदाहरण. उलट पुरंदरमध्ये पिकाला विमानाची गरज आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर तोडणीनंतर फार काळ टिकत नाही. ताज्या अंजिराला दूरची बाजारपेठ हवी तर विमानाशिवाय मार्ग कठीण. आणि विमानतळ येऊ घातला आहे तो त्याच तालुक्यात. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांच्या शिवारासाठीचा विरोध मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाच्या वेळी संघर्षापर्यंत गेला. विमानतळाची जमीन निश्चित झाली की त्याला जोडणाऱ्या रस्त्यांच्या रेषा आखल्या जातील, आणि त्या सात गावांपलीकडच्या शिवारांतून जातील. त्या गावांतील अनेकांना आज आपण या प्रश्नात आहोत असे वाटतही नसेल.

चंदीगडच्या विमानतळ रस्त्याला राष्ट्रीय दर्जा मिळणे योग्यच ठरेल. दोन राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश यांच्या सीमेवरचा रस्ता एका शहरविकास प्राधिकरणाच्या अंदाजपत्रकावर चालणे कोणाच्याच हिताचे नाही. देखभालीचा धनी एक असावा. मात्र जेथे विद्यमान रस्त्याची रुंदी पुरेशी आहे तेथे नव्या संपादनाशिवाय दर्जा द्यावा, आणि जेथे नवी जमीन घ्यावीच लागेल तेथे ३ए ची अधिसूचना निघण्यापूर्वी ओलांडणी, सेवा रस्ता, मोऱ्या आणि पाणंद यांचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. आज हा नकाशा बहुधा ठेकेदाराच्या हाती आधी आणि शेतकऱ्याच्या हाती नंतर पडतो. विमानतळ कंपनीनेही शीतसाखळीची क्षमता किती टनांची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्याच वेळी लेखी द्यावे. शेतीच्या नावाने रस्त्याचे समर्थन करायचे असेल तर शेतमालाचा आकडा त्या प्रस्तावात असला पाहिजे.

पुरंदर, दौंड, हवेली या तालुक्यांतील कृषी सहायकांना यातील काही कामे आजच हाती घेता येतील. ई-पीक पाहणीत फळझाडांची संख्या व वय बिनचूक चढविणे, विहीर आणि जलवाहिनीची नोंद सातबाऱ्याशी जुळवून घेणे, बांधावरील प्रत्येक अंजिराचे व सीताफळाचे झाड तारखेसह छायाचित्रात टिपणे, आणि पावसाळ्यात पाणी कोठून वाहते त्याचा गावनिहाय कच्चा नकाशा आगामी खरिपापूर्वी तयार ठेवणे, ही ती कामे होत.