विश्लेषण : उपचारांच्या चाचण्यांचा डेटा एक्सेलच्या भरवशावर किती दिवस?

समजा, एका वैद्यकीय महाविद्यालयात मधुमेहाच्या दोन औषधांची तुलना सुरू आहे. दोनशे रुग्ण, वर्षभर तपासण्या. नोंदी निवासी डॉक्टरांच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये. तीच फाइल ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल २’ अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. रुग्णाचे नाव आणि मोबाइल नंबरही त्यातच. हे चित्र कल्पनेतले असले, तरी संशोधन करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला अनोळखी वाटणार नाही.

एक्सेलमध्ये बिघडते काय?

साखरेचा आकडा १८० चा १४० झाला, तर तो कोणी, कधी आणि का बदलला, याचा साध्या फाइलमध्ये माग राहत नाही. चूक बोटाची की हेतूची, हे नंतर ठरवता येत नाही. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण काही दिवस सरकारी आकडेवारीतून गायब होते. कारण, एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. तिथे चूक निदान लक्षात तरी आली. दोनशे रुग्णांच्या चाचणीत ती शोधणार कोण?

वेब डेटाबेस वेगळा कसा?

त्यात प्रत्येकाचे लॉगिन स्वतंत्र असते. वयाच्या रकान्यात ४५ ऐवजी ४५० टाकले, तर फॉर्म तिथेच अडवतो. आकडा दुरुस्त करता येतो, पण जुना आकडा, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ मागे राहते. यालाच ‘ऑडिट ट्रेल’ म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ च्या नियमांतच याची अट घातली. रुग्णाला सांकेतिक क्रमांक मिळतो. आकडेमोड करणाऱ्याला नाव दिसण्याची गरजच नसते.

हे परवडते का?

औषध कंपन्या वापरतात त्या व्यावसायिक प्रणाली छोट्या संशोधनाच्या आवाक्याबाहेर आहेत. पण अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २००४ मध्ये ‘रेडकॅप’ विकसित केले. ना-नफा संस्थांना करार करून ते परवाना शुल्काशिवाय मिळते आणि पीएचपी व मायएसक्यूएल या सहज उपलब्ध तंत्रांवर चालते. नेटवर्क नसलेल्या गावात नोंदी घेऊन नंतर त्या सर्व्हरवर पाठवण्यासाठी त्याचे मोबाइल अ‍ॅपही आहे.

मात्र ‘मोफत’ या शब्दावर फार विसंबू नये. फुकट मिळालेल्या म्हशीलाही वैरण लागतेच. सर्व्हर, त्यावर लक्ष ठेवणारा माणूस, वेळच्या वेळी अपडेट, रोजचा बॅकअप हा खरा खर्च. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला आणि देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी हवा आणि तो अधूनमधून उघडून पाहायला हवा. न तपासलेला बॅकअप असून नसल्यासारखाच.

मग करायचे कोणी?

प्रत्येक महाविद्यालयाने आपापला सर्व्हर उभारावा, ही अपेक्षा आमच्या मते चुकीची आहे. दोन वर्षांत तो धूळ खात पडेल. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठासारख्या संस्थेने एकच सामायिक व्यवस्था चालवावी. तिथे दोन-तीन जाणकार माणसे पगारावर असावीत आणि एमडी-एमएसच्या प्रबंधांनाही ती खुली असावी.

‘आधीच राबणाऱ्या निवासी डॉक्टरांवर आणखी एक फॉर्म?’ ही हरकत रास्त आहे. पण प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात चार फाइली जुळवत काढलेल्या रात्रीही त्यांच्याच असतात. फॉर्म सुरुवातीला नीट बांधला, तर त्या बऱ्याच वाचतील.

देशातील औषध चाचण्यांची ‘सीटीआरआय’वर नोंदणी २००९ पासून सक्तीची झाली. तेव्हाही कटकट वाढल्याची कुरकुर झालीच असेल. आता नैतिकता समित्यांनी मंजुरी देण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा : या रुग्णांच्या नोंदी कुठे राहणार आणि त्या कोण बदलू शकणार? उत्तर ‘माझ्या लॅपटॉपवर’ असे आले, तर प्रस्ताव परत पाठवावा.