उभ्या गाडीला काय होणार?

परवा एका मित्राचा फोन. एप्रिल लागला म्हणून त्याने पॉप-अप कॅम्पर उघडला (छत वर करायचं आणि बाजूने तंबू ओढायचा, तो घडीचा प्रकार) आणि आतून असा वास आला म्हणे, की वहिनी उलट्या पावली घरात! कॅनव्हासवर काळी बुरशी, सिंकखालचा पाइप फुटलेला. "अरे, पण सहा महिने हातसुद्धा लावला नाही रे!"

तेच तर! हात लावला नाही म्हणूनच.

झीज फक्त वापरल्याने होते, हा आपल्या लोकांचा लाडका गैरसमज. इथे मिनेसोटात तरी तो विसरा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पाइपला तुमच्या डिग्रीशी घेणंदेणं नाही. ऑक्टोबरात टाकी आणि गीझर रिकामा करायचा, गीझर बायपास करून पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ फिरवायचं (प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, मोटारीतलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं). बॅटरी पूर्ण चार्ज करून काढून ठेवायची, कारण उतरलेली बॅटरी थंडीत गोठून फुटते. शेवटच्या ट्रिपला पाऊस लागला असेल तर घरी येऊन कॅनव्हास खडखडीत वाळवायचा. झालं. एक शनिवार.

वसंतात दुसरा शनिवार. विंचची केबल कुठे उसवलीय का, छत चारही कोपऱ्यांत सारखं चढतं का, ते बघा. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी रबर म्हातारं होतंच. आणि चाकांच्या बेअरिंगला ग्रीस.

हे शेवटचं टाळू नका. पाइप फुटला तर आपले पैसे जातात. बेअरिंग हायवेवर गेलं तर चाक निखळून दुसऱ्याच्या गाडीवर जाऊ शकतं, आणि त्या गाडीत कुणाचं तरी पोर असतं.

गंमत म्हणजे हाच मित्र ऑफिसचे सर्व्हर पॅच करायला रविवारी रात्रभर जागतो. तिथे मॅनेजर विचारतो, इथे विचारणारं कोणी नाही, एवढाच फरक. वर्षाचे दोन शनिवार जमत नसतील तर कॅम्पर भाड्याने घ्या की! त्यात कसली लाज? पण दारात आणून उभा केलात, तर तो सांभाळा.

असो. माझाही अजून ग्रीसविना उभा आहे. निघतो.