तंबूतील उनाड नायकांची कदर

मोटारीत बसून पाहावयाच्या मैदानी चित्रगृहांसाठी १९५० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या बिघडलेल्या पोरांच्या स्वस्त चित्रपटांची तेथील रसिक आज साक्षेपाने जपणूक करीत असता, सरकारी परवाना मिळवून बारामती-इंदापूरकडील जत्रा-उरुसांत उभ्या राहणाऱ्या तंबूंनी जे मारधाडपट दाखविले, त्यांस आपण अद्याप क्षुद्र लेखावे, हा मला उघड अन्याय वाटतो. १९३५ ची ‘हंटरवाली’ किंवा ‘अलबेला’पूर्वी भगवानदादांनी अल्प भांडवलावर काढलेले स्टंटपट घ्या: देखावे दरिद्री, कथानक तकलादू; पण कार्बनच्या कांड्यांच्या त्या प्रखर प्रकाशात, पडद्यामागे मातीत मांडी घालून बसलेल्या पोरास उजव्या हाताचा ठोसा डाव्या हाताने बसलेला दिसला, तरी जुलमी सत्तेस आव्हान देता येते ही प्रतीती त्यास अस्सलच मिळे. उसाच्या फडात दिवस काढणाऱ्यास दुसरे नाट्यगृह होते कोठे? ‘आवारा’स प्रतिष्ठा लाभली, ती योग्यच, या गरीब भावंडांची मात्र रिळेही बहुतांशी नष्ट झाली. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेव्हा जुन्या तंबूमालकांच्या घरी उरलेली भित्तिपत्रके, परवाने, हिशेबाच्या वह्या वाळवीच्या हवाली होण्यापूर्वी तेथील दप्तरी दाखल व्हाव्यात.