ताटांतील धान्य व रक्तांतील चरबी

मांसाहार वर्ज्य असल्यामुळें रक्तांतील चरबीचें भय आपणांस नाहीं, अशी समजूत आपल्या घरांतून अद्याप दृढ आहे. परंतु आपल्या ताटाकडे एकदां परीक्षकाच्या दृष्टीनें पाहावें. भात, पोळी, बटाट्याची भाजी, साखरेचा चहा, आणि उपवासास साबुदाणा! वरण तें नांवापुरतें. गरजेहून अधिक पिष्ट व साखर पोटांत गेली म्हणजे यकृत तिची चरबी बनवितें, व तीच ट्रायग्लिसराइडच्या रूपानें रक्तांत उतरते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील तेविसाव्या अध्यायांतहि गुळाचे व पिठाचे पदार्थ अतिशय सेवन करून हालचालीचा कंटाळा करणारास प्रमेहादि विकार जडतात, असें सांगितलें आहे.

मग धान्य कमी करून त्या जागीं काय घ्यावें? खरा प्रश्न हाच आहे. कॅनडांतील टोरोंटो येथें डॉ. डेव्हिड जेंकिन्स व त्यांचे सहकारी यांनीं ४७ स्थूल स्त्री-पुरुषांवर ४ आठवडे केलेला प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटास धान्यप्रधान शाकाहार दिला. दुसऱ्यास पिष्ट कमी करून सोयाबीन, कवचीचीं फळें व वनस्पतिज तेलें दिलीं. वजन दोन्ही गटांत सारखेंच, सुमारें ४ किलो, उतरलें. परंतु रक्तवाहिन्यांत साचणारें एलडीएल कोलेस्टेरॉल दुसऱ्या गटांत अधिक घटलें.

आपल्या सातारा-सांगलीकडे ही सामग्री दुर्मिळ नाहीं. कोरेगांवचा वाघ्या घेवडा, हुलगे, मटकी, भुईमूग, सोयाबीन हीं सर्व घरचींच आहेत. तीन पोळ्यांच्या जागीं एक भाकरी, वाटीभर घट्ट उसळ, पालेभाजी व दाण्याचें कूट घातलेली कोशिंबीर, एवढा पालट पुष्कळ आहे. मात्र भात कमी केला म्हणून तूप, साय व खोबरें वाढवूं नये. त्यानें एलडीएल उलट वाढण्याचा संभव असतो.

मधुमेहाचीं औषधें किंवा इन्सुलिन घेणारांनीं वैद्यांस विचारल्यावांचून धान्य तोडूं नये. रक्तांतील साखर एकाएकीं उतरून जिवावर बेततें. मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं डाळी-कडधान्यांचें मानहि विचारूनच ठरवावें.

एकत्र कुटुंबांत एकट्याचें पथ्य फार दिवस टिकत नाहीं. आजोबांस वेगळें पान मांडून शेजारीं इतरांस भाताचा आग्रह चालला, तर चवथ्या दिवशीं पथ्य मोडतें. म्हणून भाताचें पातेलें लहान व उसळीचें मोठें, हा नियम साऱ्या घरानेंच पाळावा. वाढणारीनें आग्रह करावयाचाच असेल, तर तो उसळीचा करावा.