मातीखालचे कमळ

गडकोटांच्या वाटेवर : पांथस्थ

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टमध्ये जे बारा नेते राजबंदी म्हणून आणले गेले, त्यांपैकी जवाहरलाल नेहरूंनी तेथे कुदळ हाती घेतली. आणि फुलांचे वाफे करण्यासाठी ती दगडगोट्यांची निकस भूमी खणता खणता त्यांना जुन्या भिंती, गाडल्या गेलेल्या घुमटांचे माथे आणि एका भिंतीवर कोरलेले सुरेख पाषाणकमळ दृष्टीस पडले. परंतु अधिक खोल खणण्यास सरकारची मान्यता नव्हती. ते उत्खनन तेथेच थांबले.

त्या मातीखाली किती राजवटी निजल्या आहेत! हुसेन निझामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यास मातीच्या कोटाच्या जागी दगडी तट उभारला. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने त्याला खिंडार पाडले असता चांदबीबीने ते रातोरात बुजवून घेतले आणि अखेर वऱ्हाडचा मुलूख देऊन तह केला. १६०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती पडला. १७५९ मध्ये निजामाच्या किल्लेदारास द्रव्य देऊन पेशव्यांनी तो घेतला. पुढे तो शिंद्यांच्या अंमलाखाली गेला आणि त्यांनी नाना फडणविसांना येथेच कैदेत ठेवले. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो जिंकला.

शत्रूला बाहेर रोखण्यासाठी बांधलेला तट माणसे आत कोंडण्यासाठी वापरावा, ही वहिवाट अशी इंग्रजांपूर्वीचीच होती. मात्र १९४२ च्या बंदिवानांनी तिला निराळाच अर्थ दिला. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवघ्या पाच महिन्यांत नेहरूंनी येथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली, आणि १९४३ मध्ये पत्नी कलकत्त्यास निवर्तल्याची वार्ताही त्यांनी याच भिंतींआड सोसली. आपले शंकरराव देव त्याच बाराजणांत होते. बुरुजांना जे साधले नाही ते लेखणीने साधले : हा किल्ला साऱ्या देशाचा झाला.

आज किल्ला लष्कराच्या ताब्यात असून नेत्यांच्या खोल्या स्मारक म्हणून राखल्या आहेत. लष्कराच्या शिस्तीने वास्तू जपली जाते, याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि जुन्या वास्तूचे खरे पुनरुज्जीवन रंगीत दिव्यांनी वा उपाहारगृहांनी होत नाही, तर तिच्या स्वभावाशी सुसंगत असे काम तिला दिल्याने होते, असे माझे निश्चित मत आहे. या किल्ल्याचा शेवटचा आणि श्रेष्ठ स्वभाव अध्ययनाचा होता. म्हणून त्या खोल्यांना लागून एक वाचनालय असावे, तेथे लिहिले गेलेले ग्रंथ मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजीत शाळकरी मुलांच्या हाती पडावेत. आणि पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली त्या भूमीचे रीतसर उत्खनन व्हावे.

परक्या सरकारने एका बंदिवानास जी परवानगी नाकारली, ती स्वतंत्र देशाच्या सरकारने आता द्यावी.